उडद्या, मुंगीसिंह आणि एक भित्रा राजपुत्र

२९ ऑक्टोबर २०२३, रविवार. दिंडोरी

दादाच्या द्राक्षबागेची गोडी छाटणी नवरात्रात उरकली. आता डोळे फुगलेत, काही ठिकाणी पोंगा दिसायला लागलाय, आणि उडद्याने हजेरी लावलीय. दर वर्षी याच दिवसांत येतो. पहाटे गारवा असेपर्यंत सुस्त असतो, म्हणून दादा नि गडी उजाडायच्या आत बागेत. वेल हलवायची, खाली रॉकेल घातलेल्या पाण्याचं घमेलं धरायचं. टपटप पडतात. जे घमेल्याबाहेर पडतात ते पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात आणि मातीत दिसेनासे होतात. मी एक तळहातावर घेतला. जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा, तांबूस चकाकणारा, पाठीवर सहा काळे ठिपके. दागिन्यात बसवावा असा.

दादाचं दुखणं नीट समजून घ्यायला हवं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी तयार होते, तिच्या डोळ्यात उन्हाळ्यातच घड धरलेला असतो. पुढचे महिने तो फक्त सांभाळायचा. ऑक्टोबरात डोळा उघडतो आणि उडद्या तो आतून कोरतो. एका रात्रीत एक घड गेला. पुन्हा त्या डोळ्यातून फूट आली तरी ती वांझ. पान खाणाऱ्या किडीवर माणूस एवढा चिडत नाही. पान परत येतं.

वेलीची सुटलेली साल आजच खरवडून काढायला घेतली. उडद्याची अंडी तिच्याच आड असतात, अळ्या मग खाली मुळांवर जातात. पेठ-सुरगाण्याहून आलेली टोळी हे काम झपाट्याने करते. सालीखाली आणखी कोण कोण राहतं ते बघायला मी मधे मधे लुडबुडत होते. दादा म्हणाला, ‘‘तुझी शाळा सुटून वर्षं झाली, आता तरी पोरांना किडे दाखवायचं सोड.’’


९ नोव्हेंबर, गुरुवार. वसुबारस

दादाचा नातू पुण्याहून आला. आठवीत. मला ‘आत्याआजी’ म्हणतो, जेवताना ‘हं’ म्हणतो आणि उरलेला वेळ टॅबमध्ये डोकं. वहिनींनी दोनदा हटकलं. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही राहू द्या, मी बघते काय आहे ते.

‘फायनल फँटसी’ नावाची जपानी खेळमालिका आहे. पहिला भाग १९८७चा. हा खेळतोय तो चौथा, मुळात १९९१चा, आता नव्याने रंगवून मोबाइल-टॅबवर आणलेला. चित्रं मुद्दाम जुन्या वळणाची, चौकोनी ठिपक्यांची. ती बघून मला ८१ सालचा गॅलागा आठवला. नव्वदीत घरोघरी टीव्हीला जोडायचे जे गेम आले, त्यांच्या ‘इतके-इतके इन वन’ कॅसेटींत तो हमखास असायचा. आकाशातून रांगेने उतरणारे शत्रू, आणि ते चक्क किडे. पंख, मिशा सगळं. माझा धाकटा भाऊ त्यांना ‘फुलपाखरं’ म्हणायचा आणि एकामागून एक गोळ्या घालायचा.

पोराला विचारलं, या खेळात किडे आहेत का? डोकं वर न करता: ‘‘किडे, बेडूक, झाडं, सांगाडे, सगळे असतात आत्याआजी. सगळ्यांना मारायचं असतं.’’


१२ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन

पूजा झाल्यावर फटाक्यांच्या धुरात हा पलंगावर आडवा. मला बोलावून घेतलं. ‘‘तुम्ही किडे विचारत होतात ना, हा बघा. अँटलायन.’’

कथा थोडक्यात अशी. सेसिल नावाचा काळ्या चिलखतातला योद्धा. त्याची प्रेयसी रोझा वाळवंटी तापाने अंथरुणाला खिळलेली. औषध एकच, वाळूतला मोती, आणि तो मिळतो अँटलायनच्या गुहेत. बरोबर एक लहान मुलगी, जी प्राण्यांना बोलावू शकते, आणि एडवर्ड नावाचा राजपुत्र. या एडवर्डचं राज्य नुकतंच बेचिराख झालंय, हातात तलवारीऐवजी वीणा आहे आणि घाव बसला की तो पळून लपतो. पोरगा त्याच्यावर भयंकर चिडलेला. ‘‘कामाचाच नाही. जरा लागलं की गायब!’’ मला तो एकटाच माणसासारखा वाटला, पण बोलले नाही.

गुहेच्या तळाशी खड्डा. एडवर्ड म्हणतो, घाबरू नका, हा प्राणी गरीब आहे, माणसाला काही करत नाही, मी मोती घेऊन येतो. आणि तो प्राणी अंगावर येतो. खडकासारखा देह, पुढे शिंगांसारखे जबडे. तलवारीने मारलं की उलट टोला देतो, त्यामुळे लांबून जादूने मारावं लागतं. मेल्यावर पात्रं आपापसात म्हणतात की हल्ली निरुपद्रवी प्राणीही पिसाळायला लागलेत. मोती मिळतो, ताप उतरतो, गोष्ट पुढे.

मला त्या एका वाक्यापाशी थांबावंसं वाटलं. खेळ लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की हा प्राणी माणसाचा वैरी नाही. तरी गोष्टीला त्या ठिकाणी एक मारामारी हवी होती. मग वैरी नसलेल्याकडून वैर करवून घेतलं, आणि वर त्याचं कारणही दिलं. एवढं प्रामाणिकपण बऱ्याच गोष्टी दाखवत नाहीत.

पोराला म्हटलं, हा प्राणी खरा असतो. त्याने पहिल्यांदा टॅब खाली ठेवला.


१५ नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज

ओवाळणं सकाळीच आटोपलं. दुपारी पोराला घेऊन शेतातल्या औषधांच्या खोलीवर गेले. पत्र्याची पडवी आहे, तिच्याखाली पावसाचा थेंब जात नाही, माती पिठासारखी झालेली. तिथे मुंगीसिंहाचे, म्हणजे खऱ्या अँटलायनचे, खड्डे. छोटे छोटे, उलटे शंकू, कडा इतक्या रेखीव की कोणी बोटाने फिरवल्यात असं वाटावं. हा तिथे रोज खेळायला जातो आणि कधी पाहिले नाहीत.

खड्ड्याची करामत वाळूच्या उतारात आहे. सुकी माती एका ठरावीक कोनापर्यंतच तग धरते, त्याहून उभी केली की घसरते. मुंगीसिंहाची अळी मागे मागे चालत गोल फिरते, डोक्याने माती बाहेर फेकते आणि उतार बरोबर त्या काठावर आणून ठेवते. मग तळाशी पुरून घेऊन बसते, फक्त जबडे वर. मुंगी काठावर आली की पायाखालची माती सरकते. मुंगी वर चढू पाहते, तेव्हा ही खालून मातीचे फवारे उडवते. त्याने मुंगीला लागत नाही, पण उतार ढासळतो. जबडे कोयत्यासारखे वाकडे, आतून पोकळ. चावायचं काम नाही, टोचायचं आणि आतला रस ओढून घ्यायचा. रिकामं कवच बाहेर भिरकावून द्यायचं.

आमच्या देखतच एक मुंगळा गेला. पोरगा पोटावर आडवा होऊन बघत होता, भाऊबीजेचा नवा शर्ट मातीत. ‘‘हा तर सेम तसाच करतो! फवारा मारतो!’’

मग त्याला खालच्या थराची माती चाळणीत घेऊन अळी दाखवली. राखाडी, ढेकणासारखी फुगीर, पाठीवर केस. उलट्या पावलांनी सरकत माती शोधत होती. याची निराशा झाली, एवढीशी? मी त्याला तिच्या पोटाची गोष्ट सांगितली तेव्हा चेहरा खुलला. या अळीच्या पोटातला मार्ग मागे बंद असतो. वर्ष-दोन वर्षं, कधी जास्तही, ती अळी म्हणून जगते, खाते, पण शी करत नाही. सगळं साठवून ठेवते आणि कोशातून पंख घेऊन बाहेर पडली की मग एकदम. आठवीतल्या मुलाला यापुढे कुठला राक्षस आवडणार? संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांना सांगून झालं, वहिनींना फराळाच्या ताटावर.

त्याने एक चांगला प्रश्न विचारला. खेळातला मोती अँटलायन अंडी घालताना तयार होतो म्हणे. मग ही अळी अंडी कशी घालेल? घालत नाही. खड्डा करते ती अळी, अंडी घालतो तो पंखवाला. तो रात्री उडतो, चतुरासारखा दिसतो, पण चतुर नव्हे. उडणं लडखडतं, मिशा टोकाशी जाड. आपण दिव्याखाली बघतो आणि चतुर म्हणून सोडून देतो. खेळात या दोघांचा एक प्राणी केला. ‘पोकेमॉन’वाल्यांनी मात्र २००२च्या रुबी-सफायर भागात ते नीट केलं, असं पोराकडूनच कळलं. ट्रॅपिंच नावाचं मोठ्या डोक्याचं खड्डेवालं पिल्लू, ते वाढून चतुरासारखं पंख फुटलेलं होतं, मग आणखी मोठं. पोकेमॉनचा निर्माता सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करणारा मुलगा होता, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. त्यातूनच त्याला प्राणी गोळा करण्याचा खेळ सुचला. पकडायच्या खेळाला किड्याचं आयुष्य लागतं. मारायच्या खेळाला त्याचा नुसता जबडा पुरतो.


१९ नोव्हेंबर, रविवार

वर्ल्ड कपची फायनल. अख्खी वस्ती दादाच्या टीव्हीपुढे. हरलो. सहा विकेट. वहिनींनी केलेली भजी कोणी खाल्ली नाहीत. पोराला उद्या पुण्याला सोडायचं.


२३ नोव्हेंबर, गुरुवार. नाशिक

घरी आल्यावर सार्वजनिक वाचनालयात गेले. १८४० सालची संस्था, तिथे बसलं की घाई करावीशी वाटत नाही. महाभारताचं सभापर्व काढलं. युधिष्ठिराच्या राजसूयात उत्तरेच्या डोंगरांतले खस वगैरे लोक नजराणा आणतात, त्यात ‘पिपीलिक’ सोनं आहे, मुंग्यांनी उकरून काढलेलं. हेरोडोटस नावाच्या ग्रीकानेही इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेच लिहून ठेवलंय, फक्त त्याच्या मुंग्या कुत्र्यापेक्षा लहान आणि कोल्ह्यापेक्षा मोठ्या. वाळवंटात बीळ करताना सोनेरी वाळू वर टाकतात. भारतीय लोक ऐन कडक उन्हाच्या वेळी, मुंग्या जमिनीखाली असताना, उंटांवरून जातात, पोती भरतात आणि पळत सुटतात, कारण वास लागला की मुंग्या पाठलाग करतात आणि त्यांच्याइतकं वेगाने कोणी पळत नाही.

हे वाचून मला हसूच आलं. यात काय राहिलं? अवाढव्य किडा, वाळवंट, जमिनीतला मौल्यवान ऐवज, जीव मुठीत धरून पळणं. एडवर्डची गुहा अडीच हजार वर्षांपूर्वी आमच्याच नावावर लिहिलेली होती. मिशेल पेसेल या फ्रेंच प्रवाशाने पुढे मत मांडलं की त्या मुंग्या म्हणजे देवसाई पठारावरचे मार्मोट, बिळं करणारे खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी, आणि त्यांनी वर काढलेल्या मातीत खरंच सोन्याचे कण मिळतात. असेल. मला त्या मुंग्या गेल्याचं थोडं वाईट वाटलं.

परतताना पंचवटीवरून आले. राक्षसांसाठी नाशिककरांना जपानला जायची गरज नाही. शूर्पणखा इथली, खर-दूषण इथले, त्यांचं चौदा हजारांचं सैन्य इथेच पडलं म्हणतात. सगळ्यांत घातकी मात्र मारीच, जो राक्षस दिसत नव्हता. हरीण दिसत होता.


२७ नोव्हेंबर, सोमवार. दिंडोरी

काल संध्याकाळी आभाळ फाटलं. दादाचा फोन आला तेव्हा मागे पत्र्यावरचा आवाज एवढा की शब्द कळेनात. निफाडकडे गारा पडल्या. पाऊस सगळीकडे. सकाळच्या एसटीने आले.

बाग फुलोऱ्यात आहे. यापेक्षा वाईट वेळ नव्हती. ओल्या घडाला गळ लागते, कूज लागते, आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग, तर वाटच बघत असतो. दादा रात्रभर जागा. ट्रॅक्टरचा ब्लोअर चिखलात रुतत होता तरी फवारणी चालू. शेजारच्या बागांतूनही ब्लोअरचेच आवाज. आज कोणी किड्यांचं नावही काढत नव्हतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच उडद्या, फुलकिडे, कोळी सगळे क्षुल्लक वाटले.

औषधांच्या खोलीकडे गेले. पडवीच्या कडेला पागोळ्यांखाली आलेले खड्डे सपाट झालेत. आतले शाबूत.


३ डिसेंबर, रविवार

काही घड गेले, बरेच राहिले. दादा हिशोब सांगत नाही आणि मी विचारत नाही.

आज वेगळंच निघालं. खोडावर मुंग्यांची रांग दिसली, सरळ वर जाणारी. मुंग्या द्राक्षवेलीला काही करत नाहीत, पण रांग कुठे जाते ते बघायचं असतं. खोडाच्या खाचेत, साल राहिली होती तिथे, मिलीबग. पिठ्या ढेकूण. कापसाचा बारीक पुंजका चिकटलाय असं वाटतं. तो वेलीचा रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. मुंग्या त्या चिकट्यासाठी त्याची राखण करतात. कोणी खायला आलं तर हुसकावतात. पुढे मणी भरू लागले की हा घडात शिरतो, चिकट्यावर काळी बुरशी धरते, आणि तो घड कोणी घेत नाही, निर्यातीचं तर सोडाच.

म्हणजे पडवीतला मुंगीसिंह नात्याने आपल्या बाजूचा. मुंग्या खातो. दादाला हे सांगितलं तेव्हा तो एवढा हसला की गेल्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच बरं वाटलं. ‘‘तुझे वीस सिंह माझी एकरभर बाग राखणार!’’ बरोबरच आहे. पण त्यांचा एक भाऊबंद खरोखर कामाचा आहे. क्रायसोपर्ला, हिरवट जाळीदार पंखांचा, मुंगीसिंहाच्याच गणातला. त्याची अळी खड्डा करत नाही, पानांवर फिरून मावा नि लहान किडी खाते. जबडे तसेच वाकडे, पोकळ. प्रयोगशाळांत वाढवून विकतात.

मिलीबगसाठी वेगळा ढालकिडा आहे, क्रिप्टोलिमस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. दक्षिणेतल्या कॉफीवरच्या किडींसाठी १८९८च्या सुमारास भारतात आणला. दादाने मागच्या हंगामात सोडले होते. आणि आज सकाळी टोळीतली एक बाई हाताने पुंजके चिरडत पुढे जात होती, तिच्या बोटाखाली जे येत होतं त्यात निम्मं तेच होतं. कारण क्रिप्टोलिमसची अळी हुबेहूब मिलीबगसारखी दिसते. पांढरी, मेणाच्या झिपऱ्या अंगभर. त्या वेषात ती मिलीबगांच्या वस्तीत फिरते आणि त्यांनाच खाते. राखणदार मुंग्याही तिला सहसा धरत नाहीत.

मारीच उलटा करून बघावा तसं हे. शत्रूच्या रूपात आपला.


१० डिसेंबर, रविवार

पोराचा फोन. चौथा भाग संपवला, आता बारावा धरलाय. ‘‘आत्याआजी, यातपण अँटलायन आहे! खाणीत आहे, कोणीतरी मारायची सुपारी दिलीय.’’ १९९१चा राक्षस २००६च्या भागात परत. मालिकेतल्या आणखी भागांतही येतो म्हणे. मी विचारलं, तोच का येतो पुन्हा पुन्हा? त्याच्याकडे उत्तर तयार होतं. लोकांना ओळखीचा असतो. आणि जुन्या खेळात तर जागा नसायची, म्हणून एकच चित्र रंग बदलून वापरायचे. हिरवा असेल तर सोपा, तोच लाल झाला की अवघड, नाव वेगळं.

संध्याकाळी दादाला हे सांगितलं. तो फवारणीची वही लिहीत होता. कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला, काढणीच्या किती दिवस आधी बंद. २०१०मध्ये युरोपने आपली द्राक्षं एका संजीवकाच्या अंशापायी अडवली, कंटेनरच्या कंटेनर, तेव्हापासून ही वही कोणी टाळत नाही. वही न थांबवता म्हणाला, ‘‘आमच्या फुलकिड्याला रंग बदलायची गरज नाही. एकाच गटाचं औषध चार वेळा मारलं, की तोच किडा, तोच रंग, आणि औषध पिऊन बसतो. पोराला सांग, तुमचा गेम सोपा आहे. लाल झाला की कळतं तरी.’’

सांगितलं. पोराने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, मग लिहिलं: हे गेममध्ये टाकायला पाहिजे.


१७ डिसेंबर, रविवार

आज खोडांना चिकट पट्टे बांधायला घेतले. आधी मुंग्या थांबवायच्या, मग नवे ढालकिडे सोडायचे. त्यांना चालणार नाहीत अशी औषधं दादाने वहीत लाल शाईने खोडली. त्यात उडद्यासाठीचं त्याचं आवडतं औषधही होतं. ते खोडताना पेन जरा थांबलं.

टोळीला गोळा करून मी दोन काचेच्या बाटल्या दाखवल्या. एकीत मिलीबग, दुसरीत क्रिप्टोलिमसच्या अळ्या. नुसतं बघून सांगणं कठीणच. शेवटी हलवून दाखवलं. मिलीबग बारका, जागचा हलत नाही म्हणा ना. अळी त्याच्याहून चांगली मोठी होते आणि डिवचली की चालू लागते. दादाने एका वाक्यात बसवलं, ‘‘पळते ती आपली, बसते ती खाणारी. पळणारीला हात लावायचा नाही.’’

परवा पुंजके चिरडणारी बाई बाटली डोळ्याजवळ धरून बघत होती. म्हणाली, ‘‘दादा, अन् ती लहान असंल, नुसती बसून खात असंल तर?’’

दादाने माझ्याकडे बघितलं. मी बाटलीकडे.

‘‘मग राहू दे तिला,’’ दादा म्हणाला, ‘‘अन् मला हाक मार.’’